दुपारचं बेट

१

दीडला जेवण, पावणेदोनला गोळ्या, दोनला आतल्या खोलीत आडवं व्हायचं, चारला चहा. नोव्हेंबरात भगवान घरतांची बायपास झाली, तेव्हापासून करंजाड्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दिवस असा आखलेला होता आणि तो आखणारी होती त्यांची बायको. वसुंधराबाईंनी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली होती. रोगी अर्धा औषधाने बरा होतो आणि अर्धा घड्याळाने, असं त्या शिकाऊ मुलींना सांगायच्या. आता तेच घड्याळ घरात लावलं होतं.

दोन ते चार हा वेळ मात्र त्यांचा स्वतःचा. आतल्या खोलीचं दार लोटून घ्यायचं, जेवणाच्या टेबलाशी वही उघडायची आणि सहलीची आखणी करायची.

जायचं होतं अंदमानातल्या एका लहानशा बेटावर. लग्न होऊन विचुंब्याला राहणाऱ्या प्राचीने, त्यांच्या मुलीने, मोबाइलवर शोधून दिलेलं ठिकाण. किनाऱ्याला लागून दोन खोल्यांचं घर, पुढे वाळू, मागे नारळी. वेणू नावाचा माणूस ते चालवायचा आणि जेवणही तोच करून द्यायचा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सात दिवस. काही बघायचं नाही, कुठे हिंडायचं नाही, नुसतं बसायचं. लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि दोघं मिळून कुठे बसली म्हणून नव्हती. ड्यूट्या, सासूचं आजारपण, प्राचीचं शिक्षण, मग गाव उठलं ते. दवाखान्यातल्या काचेपलीकडे नळ्या लावलेला नवरा बघताना वसुंधराबाईंनी मनाशी ठरवलं होतं की हा उठला तर याला घेऊन कुठेतरी नुसतं बसायचं.

भगवानरावांना ते पटलं नव्हतं. "समुद्र बघाया समुद्र वलांडून जायाचा?" एवढंच ते म्हणाले होते. त्यात चूक काही नव्हती. त्यांचा जन्म खाडीकाठचा, बाप मिठागरात राबलेला, स्वतः त्यांनी उरणकडे बंदरात सत्तावीस वर्षं क्रेन चालवली. पाणी त्यांच्या डोळ्यांपुढून कधी हललंच नव्हतं. हललं ते गाव. गाव होतं तिथे आता विमानाची धावपट्टी होती, आणि विमानं करंजाड्यावरून इतकी खालून जात की बोलणं थांबवावं लागे. भगवानराव थांबत. विमान जाईपर्यंत तोंडातला शब्द तोंडात धरून ठेवत, मग पुढचं बोलत. गावाबद्दल मात्र काहीच बोलत नसत.

जानेवारीतल्या एका मंगळवारी चार वाजता वसुंधराबाई चहा घेऊन आत गेल्या, तर नवऱ्याचे पाय चादरीबाहेर आले होते आणि तळव्यांना वाळू लागली होती.

आजूबाजूला चार इमारतींची कामं चालली होती, घरात दिवसातून दोनदा धूळ पुसावी लागे. त्यांनी ओल्या फडक्याने तळवे पुसले, चादर झटकली, केर सुपलीत भरला. डब्यात टाकताना त्यांची नजर गेली. बांधकामाची रेती करडी असते. उरणच्या किनाऱ्याची वाळू काळपट. ही पांढरी होती, साबुदाण्याच्या चुऱ्यासारखी, आणि तिच्यात शंखांचे बारीक तुकडे होते.

२

दुसऱ्या दिवशी वाळू होती. तिसऱ्या दिवशीही. फार नाही, चिमूटभर, कधी बोटांच्या बेचक्यात, कधी उशीच्या अभ्र्यावर.

वसुंधराबाई घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. शवागाराच्या किल्ल्या त्यांनी दहा वर्षं कमरेला लावल्या होत्या. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते बहुतेक वेळा कंटाळवाणं असतं, हा त्यांचा अनुभव. त्यांनी गादी उलटून बघितली. खिडकीच्या फटी बघितल्या. नवऱ्याला विचारलं, तर ते म्हणाले की आपण झोपलो होतो, आपल्याला काय ठाऊक. हे म्हणताना त्यांचा चेहरा साधा होता. ते खोटं बोलत तेव्हा कान चोळत. त्यांनी कान चोळला नाही.

एक गोष्ट मात्र उघड होती. माणूस सुधारत होता. खाल्लेलं अंगी लागत होतं, जिना चढताना धाप लागत नव्हती. तपासणीला नवीन पनवेलला गेले तेव्हा डॉक्टरांनी छातीवरचा व्रण बघितला, नाडी बघितली आणि घरी काय खायला घालता म्हणून हसत विचारलं.

रविवारी प्राची आली. बापाला बघून तिने त्यांचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळ वर सरकवलं. पट्ट्याखालची कातडी फिकी होती, बाकी हात तांब्यासारखा तापलेला.

"बाबा, गच्चीत ऊन खात बसता की काय?"

"गच्चीत कोन जातंय," भगवानराव म्हणाले.

प्राची गेल्यावर वसुंधराबाई खाली गेल्या आणि रखवालदाराला भेटल्या. गच्चीला टाकीच्या कामासाठी डिसेंबरपासून कुलूप होतं. परत वर येताना त्यांना आठवलं की हृदयाच्या एका गोळीने कातडी उन्हात लवकर काळवंडते. तीन जिने चढेपर्यंत त्या कारणाने त्यांना बरं वाटलं. दाराशी आल्यावर लक्षात आलं, की त्यालाही ऊन तर लागतंच. आणि डॉक्टरांकडे जाणं सोडलं तर हा माणूस दोन महिन्यांत उन्हात गेलेला नाही.

३

वेणूला फोन करायचा तो तीनच्या सुमाराला. त्या वेळी तिकडे रेंज बरी असे. तो तुटक, सावकाश हिंदी बोलायचा आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीवर आधी थोडा गप्प राहायचा. त्या गप्प राहण्यात मागचा समुद्र ऐकू यायचा. वसुंधराबाईंना तो आवाज आवडू लागला होता. कधी कधी त्या एखादा प्रश्न उगाच वाढवून विचारत.

त्या दिवशी वहीत पाच प्रश्न लिहिलेले होते. पायऱ्या किती, संडास कसला, धक्क्यापासून गाडी मिळते का, जेवणात मीठ कमी घालाल का. शेवटचा प्रश्न दवाखान्याचा होता. त्यांनी सांगितलं की मिस्टरांचं हृदयाचं मोठं ऑपरेशन झालंय, तीन महिने होतील तोवर, पण रात्री-अपरात्री काही लागलं तर डॉक्टर आहे का.

वेणूने सांगितलं, आहे, लहान दवाखाना आहे. मग त्यांना धीर द्यावा म्हणून तो पुढे बोलला. काळजी करू नका, असं ऑपरेशन झालेले एक अंकल इथे रोज दुपारी येतात. छातीवर मधोमध ताजी खूण आहे. अंगात बंडी असते, तीही काढून ठेवतात. वाळूत पाय सोडून बसतात आणि ऊन उतरलं की जातात. आपण त्यांना पाण्यात जाऊ नका म्हणून सांगितलं, तर हसले. अगदी ठणठणीत आहेत.

वसुंधराबाईंनी पेन खाली ठेवलं.

"कुठले आहेत ते?"

वेणू म्हणाला, ठाऊक नाही, पलीकडच्या कुठल्या हॉटेलात उतरले असतील. फार बोलत नाहीत. बोलतात ती भाषा आपल्याला नीट कळत नाही. थोडी तुमच्या हिंदीसारखी वाटते.

आतल्या खोलीच्या दाराकडे त्यांची पाठ होती. मानेला गार वारा लागावा तसं झालं. खिडक्या बंद होत्या. फोन ठेवून त्या उठल्या आणि दार हळूच लोटून आत बघितलं. भगवानराव कुशीवर झोपले होते. श्वास चालू होता. वसुंधराबाईंनी सवयीने तो मोजला. मिनिटाला आठ.

आठ फार कमी होता.

४

बायपास झालेली माणसं देशात लाखांनी असतील. बंडी घालणारी त्याहून जास्त. हे सगळं त्यांनी स्वतःला सांगितलं, पुन्हा सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दोन वाजता खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेली.

"काय गो, हितं काय बसतेस?" भगवानरावांनी विचारलं.

"विणत बसते. बाहेर आवाज होतोय."

ते डोळे मिटून पडले. वसुंधराबाई विणत बसल्या आणि त्यांच्यावर नजर ठेवून राहिल्या. झोप भगवानरावांना आली नाही. या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. तीनच्या पुढे कपाळावर घाम आला. चारला त्या चहा करायला उठल्या तेव्हा सुट्टीच्या दिवशी वर्गात कोंडलेल्या पोराने मास्तरकडे बघावं तसं त्यांनी बायकोकडे बघितलं.

पाय कोरडे होते. वाळूचा कण नव्हता. वसुंधराबाईंना जिंकल्यासारखं वाटलं.

तीन दिवस त्या अशा बसल्या. वहीत सहलीच्या यादीशेजारी त्यांनी रोजचे आकडे लिहिले: नाडी, रक्तदाब, वजन. तिसऱ्या दिवशी पावलांवर सूज होती. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि तो भरायला वेळ लागायचा. जेवण अर्ध्यावर राहत होतं. ओठांचा रंग त्यांना आवडला नाही. चेहऱ्यावरचा तांबूसपणा भिंतीवरचा डाग पुसावा तसा उतरत चालला होता. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी एक गोळी वाढवली आणि सोमवारपर्यंत बघू म्हणाले.

चौथ्या दिवशी दोन वाजता वसुंधराबाईंनी खुर्ची बाहेर न्यायला उचलली. दाराशी आल्यावर मागे वळून बघितलं. भगवानराव त्यांच्याकडेच बघत होते.

"दार लोटून घे," ते म्हणाले. "पुरं."

त्यांनी दार पूर्ण लोटून घेतलं. टेबलाशी बसल्या, वही उघडली नाही. बराच वेळ इमारतींच्या कामाची ठाकठूक चालली होती, मग तीही थांबली. आणि ती थांबल्यावर दाराच्या खालच्या फटीतून, पंख्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज त्यांना ऐकू आला. यायचा, थांबायचा, ओढत मागे जायचा. पंखा असेल, असं त्यांनी ठरवलं. पंख्याचा आवाज थांबत नसतो, हे त्यांना माहीत होतं.

चारला त्या आत गेल्या तेव्हा नवऱ्याचे गाल पुन्हा तांबूस होते, सूज उतरली होती. आणि गुडघ्यापर्यंत लेंगा ओला होता.

५

त्यानंतर त्यांनी प्रश्न विचारणं सोडून दिलं. पुसायचं, झटकायचं, लेंगा पिळून वाळत घालायचा. असं चालणार असेल तर चालू दे, असं त्यांचं मन म्हणू लागलं. माणूस जगतोय ना. चौतीस वर्षांत त्यांनी किती माणसं जगवली, त्यातली निम्मी का जगली हे कुठल्या डॉक्टरला तरी सांगता आलं असतं का?

पण उठवणं अवघड होत चाललं. आधी खांद्याला हात लावला की ते जागे होत. मग दोनदा हाक मारावी लागे. जानेवारीच्या शेवटी चारचे सव्वाचार झाले, मग साडेचार. चहा दोनदा गरम करावा लागे. हात धरला तर गार लागे, आणि तो गारवा आजाऱ्याचा नव्हता. आत्ताच पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाचा होता.

एका गुरुवारी त्यांनी हाका मारल्या, हलवलं, गालावर चापट्या मारल्या. श्वास मिनिटाला चार होता. प्राचीला फोन लावायला त्या वळल्या, तेवढ्यात मागून घरघर झाली आणि भगवानरावांनी डोळे उघडले. बायकोकडे बघितलं, पण ओळख यायला वेळ लागला. दुरून येणारं माणूस आपलं की परकं, हे डोळ्यांवर हात धरून बघावं तसं त्यांनी बघितलं.

"किती लांबून हाक मारतेस," ते म्हणाले. "दमायला होतं यायला."

वसुंधराबाई खाटेच्या कडेला बसल्या. त्यांनी विचारलं की तिथे कसं आहे.

भगवानरावांनी कान चोळला नाही. ते म्हणाले की बरं हाय. खारा वारा हाय. मागल्या अंगाला विहीर हाय, पानी गोडं. आणि कोनी उठवत नाय.

हे शेवटचं ते सहज म्हणाले. वरून विमान गेलं तेव्हा ते गप्प झाले, आणि ते गेल्यावरही पुढे काही बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी वसुंधराबाईंनी ठरवलं की सहल रद्द करायची. बेट नको, समुद्र नको, ती वही नको. आपणच बोट धरून याला तिथे नेलं, आपणच याला परत आणू. त्यांनी प्राचीला कळवलं नाही. आधी वेणूला सांगायचं होतं.

६

शुक्रवारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी फोन लावला. आतल्या खोलीचं दार पूर्ण लोटलेलं होतं.

वेणूने ऐकून घेतलं. हरकत नाही म्हणाला, तब्येत आधी, पुढच्या वर्षी या. बोलणं खरं तर इथेच संपलं होतं. पण वसुंधराबाईंनी फोन ठेवला नाही.

"ते अंकल आज आलेत का?"

आलेत, वेणू म्हणाला. समोरच बसले आहेत. आज लवकर आले.

वसुंधराबाई फोन कानाला तसाच धरून उठल्या. आठ पावलं होती. त्यांनी आतल्या खोलीच्या दाराला हात लावला आणि वीतभर उघडलं.

पडदे ओढलेले होते, तरी छतावर उजेड होता. तो हलत होता. पाण्यावर पडलेलं ऊन छतावर उमटावं तसा जाळीजाळीने थरथरत होता. त्याच्या खाली खाट होती. चादर सपाट. उशीला डोक्याचा खळगा. खाटेवर कोणी नव्हतं. त्या खोलीला दुसरं दार नव्हतं आणि खिडकीला लोखंडी जाळी होती.

त्यांनी दार ओढून घेतलं. कडी लावली नाही. हात कडीवर ठेवून उभ्या राहिल्या.

"त्यांना फोन द्या," त्या म्हणाल्या.

वेणू चालत निघाला. वाळूत पडणारी त्याची पावलं ऐकू येत होती, आणि समुद्र. फोनमधला समुद्र आणि दारापलीकडचा समुद्र एकच होता, फक्त दारापलीकडची लाट जरा आधी फुटत होती. वेणूने काही सांगितलं. मग कोणीतरी फोन हातात घेतला.

"बोल गो."

वसुंधराबाईंनी डोळे मिटून घेतले. "चार वाजत आले. या आता."

पलीकडे एक लाट आली आणि गेली.

"आज राहू का गो?"

या माणसाने उभ्या आयुष्यात त्यांच्याकडे कशाचीही परवानगी मागितली नव्हती. गाव सोडायच्या दिवशीसुद्धा तो कुलूप न लावता घराबाहेर पडला होता आणि त्याने मागे बघितलं नव्हतं. वसुंधराबाईंच्या तोंडावर शब्द आला होता, राहा म्हणून. पण खाटेवरच्या माणसाला जाऊ द्यायचं नाही, हे त्यांच्या हाडात चौतीस वर्षं मुरलं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "या. मी चहा ठेवते."

वाट बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की दारापलीकडचा समुद्र थांबला आहे. मग खाट करकरली. जमिनीवर पावलं टेकली. कोणीतरी घसा साफ केला. दार आतून उघडलं आणि भगवानराव समोर उभे राहिले, बंडीतले, छातीवर व्रण असलेले. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ होता. पाय कोरडे होते. त्यांनी बायकोकडे बघून स्मित केलं.

"चहा झाला का?"

वसुंधराबाईंचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात कानाशी वेणूचा आवाज आला. फोन त्याने परत घेतला होता.

"मॅडम, अंकल उठ नहीं रहे. यहीं बैठे हैं. बोलते हैं, थक गया हूँ."

७

भगवानराव बरे झाले. सगळ्यांनीच तसं म्हटलं. फेब्रुवारीच्या पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी दोन गोळ्या कमी केल्या. पानात वाढलेलं ते सगळं खाऊ लागले, पूर्वी हटकून मागायचे त्या सुकटीची आठवणसुद्धा काढली नाही. दुपारी झोपणं बंद झालं. प्राची म्हणाली की बाबा आता किती नीट बोलतात, शेजाऱ्यांशी गप्पा मारतात. ते खरं होतं. ते आता आहे म्हणत, नाही म्हणत, मला म्हणत. विमान डोक्यावरून गेलं तरी बोलत राहत, आणि त्या आवाजात त्यांचे ओठ हलताना नुसते दिसत.

दोन ते चार ते टेबलाशी वसुंधराबाईंच्या समोर बसत. हात एकावर एक ठेवून वहीकडे बघत.

"टोपी लिहिलीस?" ते विचारत. "ऊन फार असतं तिथे."

रद्द केलेली सहल त्यांनी पुन्हा ठरवली होती. त्या शुक्रवारनंतर वेणूचाच फोन आला होता. अंकल आता जातच नाहीत, तो म्हणाला. ओसरीवर झोपतात. आपण जेवण देतो, थोडं खातात. पोलिसांना सांगावं का असं वाटलं होतं, पण त्रास काही देत नाहीत. नाव विचारलं तर सांगत नाहीत, आपल्याला समजतं ते एवढंच म्हणतात की बायको येणार आहे. तिने सगळं ठरवलं आहे.

वसुंधराबाईंनी त्याला सांगितलं की त्यांना मीठ कमी द्या आणि पाण्यात जाऊ देऊ नका. ठरल्या तारखेला एकच माणूस येतोय, मी.

प्राचीला हे पटलं नाही. बापाला ऑपरेशन होऊन तीन महिने नाही झाले आणि आई एकटी समुद्रावर बसायला निघाली, याचं तिला आधी नवल वाटलं आणि मग राग आला. ती रागाने बोलली, रडली. वसुंधराबाई बॅग भरत राहिल्या. मधे पडले ते भगवानरावच.

"जाऊ दे तिला," ते म्हणाले. "ती दमली आहे."

ठरल्या दिवशी सकाळी नऊला गाडी खाली आली. वसुंधराबाईंनी बॅग उचलायच्या आत भगवानरावांनी ती उचलली. चौदा किलोची बॅग. छातीचं हाड सांधलेल्या माणसाने ती एका हातात घेतली आणि तीन जिने उतरले. श्वास वाढला नाही. वसुंधराबाई मागून उतरत होत्या. त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. पाठ तीच होती. डाव्या खांद्याखालचा तीळ बंडीतून दिसत होता. उतरताना एकदा त्यांच्या मनात आलं, की माझंच डोकं फिरलंय. हा माझाच नवरा आहे, बरा झालेला, आणि मी त्याला टाकून एका परक्या माणसाकडे निघालेय. त्यांनी कठड्याला हात धरला. क्षणभर तसंच व्हावं, असं त्यांना फार वाटलं.

बॅग ठेवून झाली. त्या मागच्या सीटवर बसल्या. भगवानरावांनी दार लावलं, मग खिडकीच्या काचेवर बोटाने टकटक केली. वसुंधराबाईंनी काच खाली घेतली. ते वाकले. चेहरा इतका जवळ आला की त्यात शोधायचं म्हटलं असतं तर सगळं सापडलं असतं: हनुवटीवरची खोक, भुवईतला पांढरा केस. डोळ्यांत राग नव्हता. असलीच तर थोडी लाज होती, दुसऱ्याच्या घरात राहायला आलेल्या माणसाला वाटते तसली.

"त्याला सांग," ते हळूच म्हणाले, ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही असं. "घराची काळजी करू नको म्हणावं. मी आहे इथे."